हलायचं नाही, धुरपताबाई

एस.टी.त जागा असली तरी धुरपता काकू उभी राहायची. कंडक्टर म्हणायचा, मावशी, तिकीट काढलंय तर बसा की. ती म्हणायची, तिकीट नांदेडचं काढलं, बसायचं कुठं काढलं. मग एका हातानं वरचा दांडा धरून, दुसऱ्या हातात दवाखान्याच्या कागदांची मोठी पिशवी घेऊन ती ड्रायव्हरपर्यंत जायची, समोरच्या काचेतून रस्ता बघायची आणि परत मागं यायची. पुढं कुठं ट्रॅक्टर आडवा असला तर ते आधी तिला दिसायचं, मग ड्रायव्हरला.

मी त्या बसची रोजची. आखाडा बाळापूरहून नांदेडला जायचं, एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्कचं काम करायचं, संध्याकाळी परत. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली, आणि आमच्या गल्लीत पदवी घेतलेली बाई म्हणाल तर मी एकटी. बी.कॉम. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. गावापासून बाळापूरपर्यंत तीन किलोमीटर सायकल मारून आणि पुढं बस धरून घेतलेली पदवी आहे, कुणी वाढदिवसाला दिलेली नाही. धुरपता काकू आमच्या शेजारची, भिंतीला भिंत. निकालाच्या दिवशी मी पेढा घेऊन गेले तर तिनं तो उभ्यानंच खाल्ला आणि विचारलं, "उरकलं का शिकणं?" मी म्हटलं, उरकलं. म्हणाली, "मग आता कामाला लाग." अभिनंदन वगैरे तिच्या शब्दांत नव्हतं. त्या दिवसापासून मला 'मॅडम' म्हणू लागली, तेही निम्मं कौतुकानं आणि निम्मं चिडवायला.

आमच्याकडं माणूस भेटलं की लोक विचारतात, जेवला का. काकू विचारायची, उरकलं का. लग्नात गेली तर अक्षता टाकून आचाऱ्याच्या मागं उभी. मयतीला गेली तर रडणाऱ्या बायांना पाणी पाजून मागच्या दारी भांडी घासायला. तिचं एक बोलणं गल्लीत सगळ्यांना पाठ होतं, की बूड टेकलं की जीव जड होतो. नवरा साधा, जनावरांत रमणारा. मुलगा पुण्यात कंपनीत. घरात सून, रेखा. आणि घराबाहेर चौदा बाया.

या चौदा बाया म्हणजे तिची टोळी. निम्म्या गावातल्या, निम्म्या जवळच्या तांड्यावरच्या. आमच्या भागात हळद खूप. माघ-फाल्गुनात ती काढायची असते तेव्हा शेतकरी अख्ख्या वावराचं काम ठरवून देतो, त्याला आम्ही गुत्तं म्हणतो. काकू गुत्तं घ्यायची. ट्रॅक्टरनं जमीन उकलली की तिच्या बाया सरीसरीनं गड्डे उचलायच्या, माती झाडायच्या, हळकुंडं वेगळी करायच्या. काकू सगळ्यांच्या पुढं एक सरी. मागं वळून न बघता तिला कळायचं की कोण मागं पडली. आणि तिचा एकच नियम होता. गुत्तं अर्ध्यात सोडून जी बाई गेली, तिला पुन्हा टोळीत घ्यायचं नाही. आजारी पडली तर सांगून जा, घरचं काही असलं तर सांगून जा, पण न सांगता खाडा केला की संपलं. सख्ख्या भावजयीला तिनं असं काढलं होतं आणि त्यावरून माहेर तुटलं तरी बदलली नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या आधीची गोष्ट. सकाळी नळावर हंडा भरताना ती हसत हसत म्हणाली, "मॅडम, एक इचारू का? तुमच्या पुस्तकात आसंल. पाळी जाऊन आठ वर्सं झाली, आता वापस येऊन राहिली. जवान होऊन राहिले का काय मी?"

बाकीच्या बाया हसल्या. मी बी.कॉम., मला डॉक्टरकी येत नाही. पण आमच्या कॉलेजच्या जिन्यात कुठल्याशा शिबिराचा कागद चिकटवलेला होता, येता-जाता रोज दिसायचा. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर थांबू नका, असं त्यावर होतं. मी काकूला म्हटलं, हे हसण्यावारी न्यायचं नाही. ती म्हणाली, हळद निघू दे, मग बघू. हळद निघायला चार महिने होते. मी काकूशी वाद घालत बसले नाही, सरळ रेखाला सांगितलं. रेखा बोलते कमी. तिनं दुसऱ्या दिवशी सासूला न विचारता भाकरी बांधली आणि तिला बाळापूरच्या स्टँडवर नेऊन उभं केलं.

पुढं सोनोग्राफी, मग तुकडा तपासायला, मग नांदेडला ऑपरेशन. गर्भपिशवीचा कॅन्सर. संक्रांतीच्या आत पिशवी काढून टाकली. टाके सुकेपर्यंत काकू घरात राहिली आणि घराला तिनं हैराण केलं. खाटेवरून सूचना द्यायची. वजन उचलायचं नाही म्हटलं तर पायानं बादली सरकवायची.

टाके सुकल्यावर डॉक्टरबाईंनी बोलावलं तेव्हा मी सोबत होते, कारण कागद इंग्रजीत होते. त्या म्हणाल्या, आजार पहिल्या पायरीवर सापडला, चांगलं झालं, पण आता लाईट, म्हणजे रेडिएशन, घ्यावी लागेल. काकू खुर्चीच्या टोकावर होती, तिथून उठली.

"पिशवी काढली म्हणता. घर पाडलं. आता रिकाम्या जागंवर कुणाला शेकता?"

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी कागदावर पेरूसारखं चित्र काढलं. आजार पिशवीच्या भिंतीत खोल गेला होता, म्हणून आजूबाजूला डोळ्याला न दिसणारं काही राहिलं असेल तर तो धोका कमी करायचा. पंचवीस दिवस, शनिवार-रविवार सोडून. त्यानंतर दोनदा आतून, नळी घालून. आणि मधे खाडा करायचा नाही.

खाडा हा शब्द ऐकला आणि काकू पुन्हा खुर्चीवर टेकली. "पंचवीस रोज," ती म्हणाली. "म्हंजी एका मोठ्या वावराचं गुत्तं." मग माझ्याकडं वळून, "घ्या म्हणावं लिहून."

पहिल्या दिवशी नुसतं मोजमाप. मोठ्या मशीनमधून फोटो काढले आणि पोटावर खुणा केल्या. बेंबीच्या खाली एक फुली, दोन्ही कुशीवर एकेक, जांभळ्या शाईच्या. रोज मशीनखाली या खुणांवरूनच तिला नेमकं त्याच जागी निजवायचं होतं. एक कागद दिला, इंग्रजीतला. बसमध्ये मी तो मोठ्या ऐटीत वाचून तिला सांगितला. साबण नको, तेल नको, हळद तर अजिबात नको आणि काही झालं तरी या खुणा पुसू द्यायच्या नाहीत. हळद नको म्हटल्यावर ती हसली. म्हणाली, माझ्या अंगात हाय ती कशी काढणार? तिच्या तळहाताच्या रेषा बाराही महिने पिवळ्या असायच्या.

मशीनवरच्या मॅडम चाळिशीच्या, शांत. काकूला निजवून त्या बाहेर जायच्या, दार बंद व्हायचं आणि आत भिंतीतून त्यांचा आवाज यायचा, हलायचं नाही, धुरपताबाई. काकू आतून उत्तर द्यायची, न्हाई हलत माय. ते उत्तर देतानाच ती हलायची. लाईटच्या पहिल्या दिवशी तिनं दोनदा मान उचलली, आग कुठून येते ते बघायला. बाहेर आली ती संशय घेऊनच. ना आग, ना धूर, ना चटका. "मॅडम, फसवून राहिले का हे लोक? मेलेलं माणूस बी इतकं सरळ निजत न्हाई, आणि झालं काय तर काहीच न्हाई."

चार-पाच दिवसांनी मात्र मशीनच्या मॅडम मला म्हणाल्या, तुमच्या काकू आता दगडासारख्या पडतात, काय केलं? मी काही केलं नव्हतं. काकूला विचारलं तर म्हणाली, डोळे मिटून मी वावरात जाते. एक सरी जाते, एक सरी येते. चार सऱ्या झाल्या की मशीन बंद होतं. बरोब्बर चार.

आत जाण्याआधी पाणी पिऊन लघवी थांबवून धरायची असते. मूत्राशय भरलेलं असलं की आतडी वर सरकतात, त्यांना कमी त्रास होतो. बाहेरच्या हॉलमध्ये बाया कळवळायच्या, उठून जायच्या, पुन्हा पाणी, पुन्हा वाट बघणं. काकू लिटरभर पाणी पिऊन तासभर त्या हॉलमध्ये येरझाऱ्या घालायची आणि तिला काही व्हायचं नाही. मशीनच्या मॅडमना नवल वाटलं. काकू म्हणाली, त्यात नवल कसलं? "तीस वर्सं वावरात काम केलं. चारी अंगानं गडी माणसं. अंधार पडस्तोर कुठं जाणार? धरूनच ठेवायचं." हे तिनं इतक्या सहज सांगितलं की हॉलमधल्या बाया माना हलवू लागल्या.

दुसऱ्या आठवड्यात तो घोळ झाला. ऊन वाढलं होतं. घामानं फुल्या फिकट होत चालल्या आणि काकूचा जीव वरखाली व्हायला लागला. पुसू द्यायच्या नाहीत एवढंच तिला माहीत. शनिवारी दवाखाना नाही. तिनं आधी नातवाच्या पेनानं फुल्या गिरवल्या. त्याही पुसायला लागल्या. मग आठवडी बाजारात बांगड्यांच्या दुकानांच्या टोकाला गोंदणारी बसते, बॅटरीचं मशीन घेऊन, तिच्याकडं गेली. काकूच्या कपाळावर, हनुवटीवर, दोन्ही हातांवर लहानपणीचं गोंदण आहेच. गोंदलेलं मरेपर्यंत जात नाही, याची तिला खात्री होती. रेखाला वाटलं दवाखान्यानंच सांगितलं असेल, म्हणून तिनं लुगड्याचा आडोसा धरला. तीन फुल्या, पक्क्या हिरव्या. परत आल्यावर काकू आपल्या ओट्यावरून मला ओरडून म्हणाली, मॅडम, काम पक्कं करून आले. कसलं ते मी विचारलं नाही. तिचं रोजच काहीतरी पक्कं व्हायचं.

सोमवारी अकरा वाजता दवाखान्यातून फोन. फाईलवर माझा नंबर होता. मी ऑफिसातून धावत गेले. काकू मशीनच्या खोलीबाहेर भिंतीला हात लावून उभी होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, गोंदताना ती बसली होती, बसल्यावर पोटाची कातडी सरकते, डावी खूण जागेपासून दोन बोटं हलली आहे. शिवाय पेनाच्या रेघांवरून गोंदलेलं. या खुणांवर लाईट देता येणार नाही. पुन्हा फोटो, पुन्हा मोजमाप, दोन-तीन दिवस बंद. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या आहात ना? कागदावर लिहिलंय, खूण फिकट झाली तर स्वतः काही करू नका, आम्हाला कळवा."

लिहिलं होतं. खालची ओळ होती ती. मी वरची ओळ वाचून दाखवली आणि घडी घातली होती.

मला वाटलं आता काकू सगळ्यांसमोर माझे वाभाडे काढणार, आणि ते बरोबरच झालं असतं. ती म्हणाली, "तिनं सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई. दोघी बराबर. आता पुढचं बोला, कधी यायचं?"

तेव्हापासून तिच्या प्रत्येक कागदाचं मी अक्षर न् अक्षर दोनदा वाचलं, अगदी खाली छापलेल्या फोन नंबरापर्यंत. ती म्हणायची, बास आता, छापखान्याचं नाव बी सांगशील. नव्या जांभळ्या फुल्या हिरव्या फुल्यांच्या शेजारी आल्या. रोज मशीनच्या मॅडम मदतनीस बाईला आठवण करायच्या, हिरवं बघू नका, जांभळं बघा.

हॉलमध्ये तर काकूनं नवी टोळीच उभी केली होती. कुणाचा नंबर कितवा, कुणी पाणी प्यायलं, कुणी नाही, सगळं हिच्याकडं. परभणीकडची एक बाई होती, तिचंही पिशवीचंच ऑपरेशन. ती रोज म्हणायची, सगळं काढलंय तर मी कशाला येते, उद्यापासून येत नाही. मी तिला डॉक्टरबाईंचं चित्र काढून दाखवलं. तिला पटलं नाही. काकू येरझाऱ्या घालताना थांबली. म्हणाली, तुमच्याकडं हळद हाय का? हळद काढल्यावर वावर साफ दिसतं का न्हाई? दिसतं. तरी नांगराच्या मागं पुन्हा बाया घालाव्या लागतात का न्हाई? लागतात. कारण बोटाएवढं हळकुंड मातीत राहिलं तरी पुढच्या पावसाळ्यात तिथंच फुटतं. "हे मागून वेचणं हाय, बाई. कंटाळवाणं काम. पर हेच करायचं असतं." ती बाई दुसऱ्या दिवशी आली.

आणि त्याच आठवड्यात काकू स्वतः यायची थांबली. ते कसं झालं ते सांगते.

बाराव्या लाईटनंतर तिचं पोट बिघडलं. लाईटनं होतं असं, कागदावर होतं, मी वाचून सांगितलंही होतं आणि झालं तर लगेच सांगायचं हेही सांगितलं होतं. पण काकूनं डॉक्टरबाईंना सांगितलं नाही. मलाही नाही. मला ते बसमध्ये कळलं. अर्ध्या रस्त्यात ती ड्रायव्हरजवळ गेली आणि गाडी थांबवा म्हणाली. माणसं बघत होती. ती शेताकडं गेली, परत आली, कुणाकडं बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी कंडक्टरनं एका पेट्रोल पंपासमोर, जिथं संडास होता, तिथं आपण होऊनच घंटी मारली आणि टायर बघायला खाली उतरला. टायरला काही झालं नव्हतं. काकू उतरली.

मग तिनं खाणंच सोडलं. सकाळी काही नाही, वाटेत काही नाही, दवाखान्यात फक्त ते मोजून पाणी. मी विचारलं की चिडायची. एकदाच बोलली, तेही खिडकीबाहेर बघत. "चौदा बायांना हाकणारी मी, आणि माझंच पोट माझं ऐकत न्हाई."

अठराव्या दिवशी ती स्टँडवर नव्हती. बस आली. कंडक्टरनं विचारलं, मावशी? मी रस्त्याकडं बघत राहिले. त्यानं दोन मिनिटं गाडी थांबवली, मग म्हणाला, मॅडम, चढता का? मी चढले नाही. रेखाला फोन लावला. ती वावरातून बोलत होती. आत्याबाई इथंच आहेत म्हणाली, पहाटे टोळीच्या टेम्पोत चढून बसल्या, कुणाची हिंमत उतर म्हणायची? टोळी तेव्हा शिरड शहापूरच्या एका वावरात होती. सासू आजारी पडल्यापासून रेखाच पुढची सरी धरत होती.

मी ऑफिसला फोन करून रजा टाकली आणि दोन गाड्या बदलून शिरड शहापूरला पोचले. पायात ऑफिसची चप्पल, ती उकललेल्या मातीत रुतत होती. बाया वाकून काम करत होत्या आणि कुणाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. टोळी गप्प म्हणजे काहीतरी बिनसलेलं. मग मला काकू दिसली. बांधावर, बाभळीच्या सावलीत, पाय लांब करून बसलेली. दवाखान्याची पिशवी शेजारी होती. न जायचं ठरवून निघालेली बाई ती पिशवी कशाला सोबत आणते, हे मला तेव्हा सुचलं नाही.

"ऑफिसला खाडा?" ती म्हणाली.

"तुमच्यामुळं."

"मग जा, तुझा खाडा भरून काढ. माझं झालं."

मी बोलत सुटले. मधे सोडलं तर काय होतं, आधीच तीन दिवस गेलेत, इतकं सोसलं ते वाया घालवायचं का, सगळं जे मी वाचलं होतं, ऐकलं होतं. ती गवताची काडी मोडत होती. माझं संपल्यावर म्हणाली,

"सतरा झाले. पाय उचलत न्हाई, पोट धरत न्हाई. म्हणलं वावरात गेले की इसरंल. पहिल्याच सरीत बसले मी. समद्यांनी बघितलं."

शिकलेलं सगळं वर वर होतं आणि ती खाली कुठंतरी होती. मी तिच्याशेजारी बसले. ऊन सरकत होतं. बसच्या वेळा माझ्या डोक्यात फिरत होत्या. वसमतवरून नांदेड, मशीन संध्याकाळी पाचला बंद.

रेखा पाणी प्यायला आली. कळशी तोंडाला लावली, पाणी प्याली, तोंड पुसलं. सासूकडं न बघता म्हणाली, "आत्याबाई, हे वावर आज उरकतंय. तुमचं आठ राहिलं." मग जरा थांबून, "गुत्तं अर्ध्यात टाकून गेलेल्या बाईला तुमी वापस घेता का?"

काकूनं हातातली काडी टाकली. टोळीतल्या दोघी-तिघी हात थांबवून ऐकत होत्या.

"न्हाई घेत," काकू म्हणाली.

"मग," असं म्हणून रेखा आपल्या सरीला निघून गेली.

काकूनं माझ्या खांद्याला धरलं आणि उठली. तिचं वजन मला पहिल्यांदा जाणवलं, किती कमी झालं होतं ते. "वसमतची गाडी कुठून मिळंल?" तिनं विचारलं. मी पिशवी घेतली. वावरातून बाहेर पडेपर्यंत तिनं मागं बघितलं नाही, पण टोळीचं बोलणं पुन्हा सुरू झालेलं आम्हा दोघींनाही ऐकू आलं.

नांदेडला पोचलो तेव्हा साडेचार वाजत आले होते. हॉल रिकामा. मशीनच्या मॅडमनी तिच्या हातापायाची माती बघितली आणि पाण्याची बाटली पुढं केली. लाईट झाल्यावर मी तिला डॉक्टरबाईंसमोर उभं केलं आणि पोटाचं सगळं सांगितलं. या वेळी एकही ओळ गाळली नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, सांगायला काय झालं होतं? काकू म्हणाली, "तुमी बंद केलं असतं." त्या म्हणाल्या, "अहो, गोळी दिली असती." काकूनं माझ्याकडं असं बघितलं जणू ही गोळी मीच लपवून ठेवली होती.

गोळीनं आणि ताक-भातानं पोट सावरलं. पायातली शक्ती मात्र आली नाही, ती लाईट संपेपर्यंत येतही नाही म्हणतात. अठरा, एकोणीस, वीस. बसमध्ये ती आता माझ्याशेजारी बसायची, पण बोटं चालू, पिशवीचा बंद गुंडाळायचा, सोडायचा. पंचवीस झाले. आतून द्यायचे दोन झाले. त्या दोनबद्दल ती एवढंच म्हणाली की त्याचं बोलायचं नाही, आणि आम्ही बोललो नाही.

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी पुसेगावकडं आले. काकूच्या तपासण्या ठरलेल्या वेळी होतात, रेखा घेऊन जाते. आतापर्यंत सगळ्या चांगल्या आल्यात, असं फोनवर कळतं. कागद आला की रेखा मला त्याचा फोटो पाठवते. मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते आणि मगच फोन करते. लग्नानंतर काकूची आणि माझी गाठ मात्र पडलेली नाही. माझ्या डोळ्यांसमोर आहे ती लाईट संपली त्या दिवशीची काकू.

आम्ही परत येत होतो. डॉक्टरबाईंनी महिनाभर आराम सांगितला होता, मी तो कागद तिला दोनदा वाचून दाखवला होता. वारंगा फाट्याच्या अलीकडं ती एकदम उठली आणि कंडक्टरला म्हणाली, इथं थांबव. रस्त्यापासून आत, एका वावरात तिची टोळी होती. त्या हंगामातलं शेवटचं गुत्तं. हळद शिजवायच्या कढईचा धूर लांबून दिसत होता.

मी म्हटलं, काकू, आराम सांगितलाय.

"करते की. नुसती नजर टाकून येते."

"रेखा आहे ना तिथं."

"म्हणून तर." आणि उतरली.

मी मागच्या काचेशी गेले. ती कच्च्या रस्त्यानं चालायला लागली. चाल आधीची नव्हती. पन्नासेक पावलं गेली असेल, रस्त्याच्या कडेला एक पाइप पडला होता, त्यावर बसली. मी कंडक्टरला म्हटलं, थांबा. त्यानं घंटीच्या दोरीला हात लावलाच नव्हता. बसमधली माणसं आता तिच्याकडं बघत होती. ती तशीच बसून राहिली, वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी दारापाशी गेले, एक पाय खालच्या पायरीवर ठेवला. उतरावं की नाही, मला कळेना. उतरले असते तर तिनं काय म्हटलं असतं तेही मला माहीत होतं.

मग तिनं मागं न बघताच हात वर केला आणि जा, जा, असा हलवला, जनावर पुढं हाकावं तसा. उठली. पिशवी डोक्यावर घेतली.

कंडक्टरनं घंटी मारली. बस हलली, धूळ उडाली आणि धुळीतून मला दिसलं ते एवढंच की काकू वावराच्या कडेला पोचत होती आणि तिकडं वाकलेल्या बाया एकेक करून सरळ उभ्या राहत होत्या.